पडद्यामागची करंगळी

गावोगावचे लोक त्याला ‘हलूनका’ म्हणत. फोटो काढताना तो दर वेळी ‘हलू नका’ म्हणायचा, आणि तेही असं दरडावून, की समोरचा माणूस हलायचं सोडाच, श्वास घ्यायलाही बिचकायचा. लांबून त्याच्या मोटारसायकलची फटफट ऐकू आली की पोरं ‘हलूनका आला, हलूनका आला’ करत घरोघर सांगत सुटायची. मग बायकांची आरशासमोर आणि पुरुषांची वस्तऱ्यासमोर घाई उडायची. त्याला त्या नावाचं काही वाटत नसे. माणूस हलला की फोटो गेला, मग मला काय म्हणायचं ते म्हणा, असा त्याचा खाक्या होता.

त्याचं काम ओळखपत्रांच्या फोटोंचं. खाण, गिरणी, बंदर, पुलाचं बांधकाम, आडबाजूच्या शाळा. जिथे स्टुडिओ नाही तिथे हा जायचा. कॅमेरा दोन भिंगांचा, पोटाशी धरून वरून काचेत बघायचा. त्या काचेत समोरचं चित्र उलटं पडतं, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. चाळीस वर्षं हा माणूस अशी मान खाली घालून जगाकडे बघत आला, आणि तरी आपल्या नजरेतून काही सुटत नाही अशी त्याची ठाम समजूत होती. समजुतीला काय, ती कुणालाही परवडते.

फिल्मच्या एका रोलमध्ये बारा फोटो निघत. त्यातले अकरा गिऱ्हाइकांचे. बारावा मात्र तो विकायचा नाही. बारावा वाटेवर भेटेल त्याचा. पंक्चर काढून देणारा, पाणी पाजणारी, रस्ता चुकवणारा, नुसताच कठड्यावर बसून राहिलेला. असा माणूस आयुष्यात पुन्हा भेटायचा नाही, मग त्याला जाऊ कसं द्यायचं, असं तो म्हणे. गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी बाराव्या फ्रेमला हात लावू देत नसे.

या सगळ्या फोटोंच्या निगेटिव्ह त्याने जपल्या होत्या. बिस्किटांचे पत्र्याचे डबे, एकूण एक्केचाळीस, आतल्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत रचलेले. प्रत्येकावर जागेचं नाव: ‘खाण, वरची वस्ती’, ‘गिरणी, तिसरी पाळी’, ‘पूल बांधणारे’. वर्षांचा काही पत्ता नाही. एखाद्या वस्तीला तो पंधरा वर्षांनी परत गेला तर नवी फिल्म त्याच जुन्या डब्यात पडायची. ‘गाव तेच ना, मग डबा दुसरा कशाला?’ वर्षांचा माग लावायचा तर त्याच्या वह्या उघडाव्या लागत. वह्यांत रोलचा नंबर, तारीख, जागा आणि एखादा शेरा. शेरे वाचून हसू आवरत नसे. ‘रोल ११२. पूल. सहावा माणूस, तीनदा डोळे मिटले. चौथ्यांदा माझेच मिटले.’ ‘रोल १९०. शाळा. पोरं नीट उभी राहिली, मास्तर हलले.’ ‘रोल २४१, बारावी. वाटेत मेंढपाळ. माझा नको, मेंढीचा काढ म्हणाला. काढला. मेंढी मास्तरांपेक्षा शहाणी.’

बेचाळिसावा डबा वेगळाच होता. तो इतरांत रचलेला नव्हता, कपाटाच्या मागे सरकवून ठेवला होता आणि त्यावर एकच शब्द होता: ‘वाया’. हललेले, धूसर, डोळे मिटलेले, अंगठा मध्ये आलेले फोटो तो कात्रीने कापून त्यात टाकायचा. टाकून देववत नव्हते आणि कुणाला दाखवण्याची लाज वाटायची.

आता पडद्याविषयी सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्याच्याशीच येऊन थांबते. ओळखपत्राच्या फोटोला माणसाच्या मागे काही असून चालत नाही. म्हणून एक राखाडी कापड, आणि ते धरायला बायको. ती कापडाच्या मागे उभी राहायची, दोन्ही हात डोक्यावर नेऊन वरचे कोपरे धरायची, आणि पुढे एकामागून एक माणसं येऊन उभी राहायची. दिवसाला चाळीस-पन्नास. हात भरून येत असणार, पण ती कधी बोलली नाही. एकदाच म्हणाली होती, ‘तुमचं बरं आहे, तुम्ही हलू नका म्हणून मोकळे. खरं न हलता उभी असते ती मी.’

लग्न झालं तेव्हा ती तेवीस वर्षांची. दोन्ही घरांचा विरोध, त्यामुळे कचेरीत दोन सह्या आणि दोन साक्षीदार, एवढंच लग्न. त्या दिवशी नेमका कॅमेरा दुरुस्तीला. नवराच फोटोवाला, मग बाहेरचा कशाला बोलवायचा, काढू सावकाश, असं ठरलं. हे सावकाश पुढे पाच वर्षं लांबलं. तो शेवटच्या फ्रेमसाठी माणूस शोधत रस्त्यावर इकडे तिकडे बघायला लागला की ती मागच्या सीटवरून विचारायची, ‘अहो, बारावी मला कधी?’ आणि तो म्हणायचा, ‘तू काय पळून चालली आहेस?’

त्यांची मुलगी तीन वर्षांची असताना बायकोला कावीळ झाली आणि अकरा दिवसांत ती गेली. ते अकरा दिवस कॅमेरा खाटेखालीच होता, आत अर्धा रोल शिल्लक होता. पण आजारी माणसाचा फोटो काढायचा नाही हा त्याचा नियम, आणि तो नियम त्याने पाळला. हजारो लोकांची ओळखपत्रं त्याच्या फोटोंवर झाली. तिचं कधी काढायची वेळच आली नव्हती. घरात तिचा एकही फोटो नव्हता. शेजारणीला ते खरंच वाटेना. ‘हलवायाच्या घरी साखर नाही, असं कसं?’ ती म्हणाली.

मुलगी वाढली. दर दोन-तीन वर्षांनी ती विचारायची, ‘बाबा, मी आईसारखी दिसते का?’ आणि तो दर वेळी एकच उत्तर द्यायचा, ‘थोडी.’ त्या एका शब्दावर त्याने तीस वर्षं काढली.

मुलगी आता चौतीस वर्षांची होती, म्हणजे आईपेक्षा सहा वर्षांनी मोठी. मोठ्या रुग्णालयात एक्स-रे काढायची नोकरी होती तिची. तिनेच एक दिवस ओळखलं की बाबा चहा कपाच्या बाहेर ओततायत. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘आजोबा, डाव्या डोळ्याच्या मधलं गेलंय. उजव्याचं फार तर चार-सहा महिने. ठार आंधळे नाही होणार तुम्ही. मधलं जाईल, कडा राहतील. जे बघायचंय त्याच्या शेजारी बघायची सवय करा.’

दोघं रिक्षाने घरी आली. दारात आल्यावर मुलगी म्हणाली, ‘बाबा, आतले सगळे डबे उघडायचे. इतकी वर्षं आई तुमच्याबरोबर फिरली, एखाद्या तरी फोटोत चेहरा आला असेल. मला ओळखता येणार नाही, ती ओळखणारे तुम्ही एकटेच. तुम्हाला दिसतंय तोवर मला ती दाखवा. ओळखाल ना?’

‘हजारांत ओळखेन,’ तो म्हणाला.

म्हणाला खरा. पण त्याला तिचा चेहरा आठवत नव्हता. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. आवाज आठवायचा, चालणं आठवायचं, मोटारसायकलवर खांद्याला धरणारा हात आठवायचा. चेहऱ्याच्या जागी काही नव्हतं. तो कधी पुसला गेला तेही कळलं नव्हतं. मुलीच्या चेहऱ्यात शोधायचा प्रयत्न केला की मुलीचाच चेहरा दिसायचा.

एक्स-रे बघायचा दिव्याचा एक जुना डबा रुग्णालयाने भंगारात काढला होता, तो ती घरी घेऊन आली. रविवारी दुपारी जेवण झालं की दोघं टेबलाशी बसायची. ती एकेक पट्टी उजेडावर ठेवायची. निगेटिव्हमध्ये केस पांढरे आणि चेहरे काळे दिसतात, भल्याभल्यांना त्यात काही कळत नाही. पण हिचा सगळा दिवस काळ्यावरचं पांढरं वाचण्यातच जायचा. तो भिंग घेऊन, मान वाकडी करून बघायचा आणि जागा सांगायचा.

पहिल्याच रविवारी ती म्हणाली, ‘बाबा, वर बोटं दिसतायत.’

दिसायचीच. कॅमेरा चौकोनी फोटो काढायचा आणि ओळखपत्राला लागायचं नुसतं डोकं आणि खांदे. बाकीचं तो छापताना कापून टाकायचा. लाल पेन्सिलने चार रेघा मारायच्या, आत गिऱ्हाईक, बाहेर कचरा. निगेटिव्हमध्ये मात्र तो कचरा शाबूत होता. कापडाच्या वरच्या काठावरून पुढे आलेली चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे.

‘ही आईची कशावरून? नंतर शेजारच्या मावशी धरायच्या ना पडदा? आणि आत्या?’

‘करंगळी बघ,’ तो म्हणाला. ‘लहानपणी झोपाळ्यावरून पडून मोडली होती. वाकायची नाही. तीन बोटं वळलेली आणि करंगळी ताठ, असं असेल तर ती.’

मग करंगळी शोधायचा नादच लागला. खाणीतल्या काळ्याकभिन्न मुकादमाच्या डोक्यावर ताठ करंगळी. गिरणीतल्या बायकांच्या डोक्यांवर, एकामागून एक सव्वीस बायका, आणि प्रत्येकीवर तीच करंगळी. मुलगी बोटं मोजत नव्हती, नुसती बघत बसायची. जिथे त्याने लांबून फोटो घेतला होता तिथे कापडाच्या खाली पावलंही दिसायची. पायांत एक चप्पल अंगठ्याशी तुटलेली. पुढच्या गावी ती दोऱ्याने बांधलेली. त्याच्या पुढच्या गावी चप्पलच नाही. त्याने हे कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर चप्पल घेऊन दिली असती, असं त्याला म्हणावंसं वाटलं. पण आता ते कुणाला सांगणार?

‘पूल बांधणारे’ या डब्यात एका पट्टीवर ती बराच वेळ थांबली. कामगाराच्या पाठीमागे कापड सपाट नव्हतं, एका बाजूला फुगून पुढे आलं होतं.

‘इथे वारा होता?’

त्याने वहीत बघायला सांगितलं. तिने वाचलं. ‘रोल ३३६. पडद्याला पोक येतोय. मागे सरक म्हणून दहादा सांगितलं.’ वाचून ती थांबली, वर्षाचा हिशेब केला, आणि हळूच म्हणाली, ‘बाबा, तो पोक मी आहे.’

आणखी तीन डब्यांनंतर कापडाखाली दोन मोठ्या पावलांच्या शेजारी दोन लहान पावलं निघाली. एक मोजा वर, एक खाली घसरलेला. त्या दिवशी मुलीने दिवा लवकर बंद केला.

चार महिन्यांत एक्केचाळीस डबे संपले. बोटं, मनगटं, पावलं, एकदा साडीचा काठ, एकदा जमिनीवर पडलेली सावली. चेहरा नाही. बाराव्या फ्रेमसुद्धा सगळ्या पाहून झाल्या. पंक्चरवाला होता, मेंढी होती, कठड्यावरचा माणूस होता. ती सोडून सगळं जग होतं.

शेवटची पट्टी पाकिटात घालताना मुलगी म्हणाली, ‘नसू दे. तुम्ही मला सांगा नुसतं. नाक कसं होतं? कपाळ? मी डोळे मिटते, तुम्ही सांगा.’ आणि तिने खरोखरच डोळे मिटले.

मिटलेल्या डोळ्यांच्या माणसापुढे खोटं बोलणं त्याला जमेना.

‘मला आठवत नाही गं,’ तो म्हणाला. ‘कित्येक वर्षं झाली. चेहरा आठवतच नाही.’

तिने डोळे उघडले. ‘मग “थोडी” काय म्हणत होतात? मी थोडी दिसते, थोडी दिसते. थोडी कुणासारखी?’

‘काहीतरी म्हणायला हवं होतं. लहान होतीस तू.’

‘चौतीस वर्षांची लहान?’

ती उठून आत गेली. आत भांड्यांचा आवाज होत राहिला, घासून झालेली भांडी पुन्हा घासल्यासारखा. तो टेबलाशी बसून राहिला. आपल्या हातून दोनदा गुन्हा झाला असं त्याला वाटलं. एकदा बायकोचा फोटो काढला नाही, आणि दुसऱ्यांदा तिचा चेहरा मनातही धरून ठेवला नाही. पहिल्याला तरी काम होतं, धावपळ होती. दुसऱ्याला काही सबब नव्हती.

भांडी थांबली. मुलगी हात पुसत दारात आली. ‘कपाटामागे एक डबा आहे.’

‘त्यात काही नाही. वाया गेलेले आहेत. माझ्या चुका.’

‘बाबा,’ ती म्हणाली, आवाज न चढवता, ‘आई फोटोत येणं ही तुमच्या लेखी चूकच होती ना?’

तो स्वतःच उठला, चाचपडत कपाटाशी गेला आणि गुडघे टेकून डबा ओढून काढला. झाकण गंजलं होतं, चमच्याच्या दांड्याने उचकटावं लागलं. आत सुटे चौकोन, शेकड्यांनी, एकमेकांना चिकटलेले. तिने एकेक उजेडावर ठेवायला सुरुवात केली. हललेली डोकी. मिटलेले डोळे. जांभई देणारा पोस्टमन. दोन तास झाले, तो नुसता बसून होता. त्याला आता उजव्या डोळ्याच्या मधोमध एक राखाडी ठिपका दिसायचा, त्याच्या त्या पडद्याच्याच रंगाचा.

मग तिचा हात थांबला.

‘काय आहे?’ त्याने विचारलं.

‘एक म्हातारे आहेत. गणवेश घातलाय, टोपी उडू नये म्हणून हाताने दाबून धरलीय. पडदा उडालाय, अगदी वर. मागे एक बाई आहे.’

‘हात? करंगळी?’

‘हात पडद्यात गुरफटलेत. दिसत नाहीत.’

त्याने भिंग घेतलं. चौकोनाच्या मधोमध बघितलं तर राखाडी ठिपका. ‘सांग. चेहरा कसा आहे? चिडलेली आहे?’

‘नाही. एक डोळा मिटलाय. आणि...’ ती वाकली. ‘जीभ चावलीय बाबा. दातांत जीभ धरलीय, आणि हसतेय.’

तो खुर्चीत मागे टेकला. रेल्वेच्या फाटकाजवळची ती उघडी जागा, फाटक सांभाळणारा तो म्हातारा, निवृत्तीच्या कागदांसाठी हवा असलेला फोटो, आणि एकाएकी आलेला वारा. त्याने काचेत मान घातलेलीच होती. काचेत अचानक ती आली, आणि तो ओरडला, ‘अगं बाजूला हो, फ्रेममध्ये आलीस!’ आणि तिने जीभ चावली. आणि त्या जिभेमागून, त्या मिटलेल्या डोळ्यामागून, आख्खा चेहरा त्याच्यासमोर आला. रुंद कपाळ, नाकाच्या शेंड्यावरचा उन्हाचा चट्टा, हसताना वर जाणारी एकच भुवई. कित्येक वर्षं दारात उभं राहून कडी वाजवत असलेल्या माणसाला आज कुणी दार उघडावं, तसं झालं.

‘तीच,’ तो म्हणाला.

‘नक्की? की काहीतरी म्हणायला हवं म्हणून?’

तो टोमणा त्याने निमूट गिळला. ‘तिच्या हातून चुकलं की ती असंच करायची. जीभ चावायची आणि एक डोळा मिटायची. तुला आठवतं, लहानपणी तू दूध सांडायचीस? सांडलं की तूही हेच करायचीस. मी वर तुलाच ओरडायचो, वेडावतेस काय म्हणून. आईचं बघून शिकायला तू होतीस केवढी! पण आली तुझ्यात. ते “थोडी” अगदीच खोटं नव्हतं गं.’

मुलीने तोंडावर हात धरला. वहीत फक्त एवढंच होतं: ‘रोल ७१. फाटकवाला. वारा. वाया.’

तो पुन्हा वाकला. या वेळी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसं, फोटोच्या शेजारी, टेबलाच्या लाकडावर नजर लावली. तेव्हा कुठे नजरेच्या कडेला ती आली. मधोमध बघायला गेला की नाहीशी व्हायची, लाकडाकडे बघितलं की परत यायची. तो बराच वेळ लाकडाकडे बघत बसला.

दुसऱ्या दिवशी दोघं चौकातल्या फोटोच्या दुकानात गेली. तिथल्या बाईने निगेटिव्ह संगणकावर चढवली, पांढऱ्याचं काळं केलं आणि चित्र मोठं केलं. मग म्हणाली, ‘काका, यातल्या आजोबांना कापते. मागच्या बाईंचा चेहरा छान मोठा करून मिळेल. अशा कडेच्या माणसांना आता सहज मध्ये आणता येतं.’

‘नको,’ तो म्हणाला.

‘बाबा?’ मुलीने विचारलं. ‘चेहरा नीट दिसेल.’

‘आयुष्यभर कापलंच,’ तो म्हणाला. ‘आता काही कापायचं नाही. तो म्हाताराही राहू दे. त्याच्यासाठीच ती हात भरून येईपर्यंत उभी होती. काठापासून काठापर्यंत आहे तस्सा छापा.’

फोटो आता त्यांच्या बाहेरच्या खोलीत आहे. उजव्या डोळ्याचं मधलंही पुढच्या दोन महिन्यांत गेलं. तो रोज सकाळी चहाचा कप घेऊन फोटोसमोर बसतो आणि शेजारच्या खिडकीकडे बघतो. नवीन माणसाला वाटतं, म्हातारा बाहेरची गंमत बघतोय. आलेला प्रत्येक जण फोटोतल्या टोपीवाल्याकडे बोट दाखवून विचारतो, ‘हे कोण, तुमचे वडील का?’

‘ते रेल्वेचे फाटकवाले, नाव आम्हालाही माहीत नाही,’ मुलगी सांगते. ‘त्यांच्या मागे माझी आई आहे.’